कुंतुर समानावरचा दगड

ल्युकाना, ६ मे

सेनोन दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. उयुनीच्या बसवाल्याकडे देतेय, तो सरहद्दीपलीकडे कालामात तुझ्या खाणीच्या फाटकाशी नेऊन देईन म्हणालाय. नाही दिलं तर परतीच्या दिवशी त्याच्या चाकांची हवा काढीन, असं त्याला हसत हसत सांगून ठेवलंय. तो हसला नाही.

घरी सगळे बरे आहेत. ताताही बरे आहेत. हल्ली बहुतेक अंगणातच असतात, भिंतीला हात लावून चालतात. म्हातारपणी बापमाणसाला भिंत आवडायला लागते बहुतेक.

बातमी अशी की यंदा मीठ घेऊन मी निघालेय. सिंतीच्या खोऱ्यात, तातांचे मानलेले भाऊ फाउस्तिनो कोम्पाद्रे यांच्या घरी, मिठाच्या बदल्यात मका आणायला, मीठ लादलेले आपले लामा जायचे त्या जुन्या रस्त्याने. सायकलवरून.

हसून झालं असेल तर पुढे वाच.

सायकल एका परदेशी पाहुण्याची. मी उयुनीत अशा लोकांचं सामान वाहते, त्यांच्या सायकली दुरुस्त करते, हे आईने तुला कळवलं असेलच. या पाहुण्याला उंची लागली. तोंड हिरवं, पोटात काही ठरेना, आणि सारखा आईला फोन. शेवटी विमान धरून पळाला आणि सायकल माझ्या गळ्यात टाकून गेला. काय सायकल आहे, दादा! जाड टायर, धक्के गिळणारा पुढचा फोर्क, डिस्क ब्रेक. शाळेत मी जे जे शिकले नाही ते सगळं ही सायकल उघडून जोडून शिकले. जोडल्यावर एक स्क्रू उरला होता, पण चालते.

तर मी तातांना म्हटलं, "यंदा मीठ मी नेते."

ते भिंतीशी बसून दोर वळत होते. म्हणाले, "कशावरून? उरलेले लामा माझ्यासारखेच, गुडघ्यातून गेलेले."

"सायकलवरून."

ते उठले. सायकलपाशी येऊन टायरवरून हात फिरवला, पूर्ण गोल, विकत घेताना लामाची पाठ चाचपतात तसा. मग म्हणाले, "चाक. या घरातून एक माणूस चाकावरूनच गेला."

"कोण माणूस, ताता? नाव घ्या की."

दोर वळायला परत बसले. मग म्हणाले, "रस्ता पायांचा आहे. त्या रस्त्याने चाक घेतलं, तर मग बोलू."

"कशाबद्दल बोलू?"

"बोलू म्हटलं ना."

दादा, तुझ्या ट्रकवरून भांडण झालं तेव्हा मी शाळेत होते, म्हणजे शाळेच्या मागच्या टेकडीवर होते. घरी आले तर तू नव्हतास आणि तुझं नावही नव्हतं. इतकी वर्षं आमच्या घरात "तो", "ट्रकवाला", "पलीकडच्या देशातला" असं चाललंय. मला तातांच्या तोंडून तुझं नाव ऐकायचंय. एकदा. त्या "बोलू"मधून ते निघेल असं मला वाटतंय, म्हणून जातेय.

काल दुपारी निरोपाची धार झाली. तू कितीदा तिथे बसला आहेस, पण मी पहिल्यांदाच दाराच्या आत बसले, मुलींना एरवी भांडी उचलायला बोलावतात. तातांनी कोकाची पानं तोंडात धरली, डोळे मिटले आणि रस्ता म्हणायला लागले. इथपासून खोऱ्यापर्यंत, एकेक झरा, एकेक पठार, एकेक खिंड. नाव आलं की आई जमिनीवर दारूची धार सोडायची. आणि जिथे घरातल्या कुणी पहिल्या फेरीत ठेवलेला दगड आहे, तिथे त्याचंही नाव. "पुका कासा. इथे माझे वडील इलारिओ. धार." "सुकी नदी. इथे मी, अगापितो. धार." मी तर आ वासून ऐकत होते. आपले ताता, ज्यांना जेवताना मीठ मागायलाही बोलावं लागू नये असं वाटतं, ते गाण्यासारखे वाहत होते. मला पठार दिसलं, वारा लागला.

मग ते म्हणाले, "प्रिमितिवाचं कुरण. धार." आणि त्याच्या पुढे, "सिंतीचं तोंड. धार."

आईचा हात वरच राहिला. मधली कुंतुर समाना, कोंडोरच्या विसाव्याची खिंड, गेली कुठे? सगळ्यात उंच खिंड! मला नंतर आईने सांगितलं, तिथे तुझा दगड आहे. खिंड म्हटली की तुझं नाव म्हणावं लागतं. म्हणून खिंडच गाळली. त्यांनी डोंगर गाळला, दादा, तुला गाळायला.

आता मी एका भोक पडलेल्या रस्त्याने निघालेय. आईने पुढच्या लामाच्या गळ्यातली घंटा लोकरीने हँडलला बांधली. तातांनी बघितलं नाही. निघताना तंबूच्या खुंट्या ठोकायला आपल्या गोठणाच्या भिंतीतला एक लाल दगड उचलला, तेवढा हातात नीट बसतो.

नेमेसिया


मिठाच्या पलीकडचा काठ, ९ मे

दादा,

मी मीठ ओलांडलं.

हे वाक्य लिहून बराच वेळ नुसती बसलेय. लहानपणापासून हे मिठाचं मैदान अंगणासमोर होतं, म्हणून कधी बघितलंच नव्हतं. लामा कडेकडेने न्यायचे, ट्रकवाल्यांनी आपली वाट पाडली, मी म्हटलं आपण मधूनच जाऊ.

सकाळी उतरले तेव्हा मिठाच्या खणांच्या कडा टायरखाली कुरकुरत होत्या, मधमाशांचं पोळं आडवं घातल्यासारखं सगळं. मग उजाडलं, आणि खालचा पांढरा आणि वरचा पांढरा यांच्यातली रेघ पुसून गेली. मी पॅडल मारतेय, चेन फिरतेय, घंटा वाजतेय, आणि तुनुपा डोंगर आहे तिथेच, आहे तेवढाच. जग मागे सरकायला तयार नाही. मी थांबले आणि जोरात ओरडले. काय ओरडले ते सांगत नाही, तू मोठा भाऊ आहेस. आवाज गेला तो गेलाच, कशालाच आपटला नाही. वाटलं, देवाने अजून सामान लावलेलं नाही, नुसत्या भिंती पांढऱ्या करून ठेवल्यात आणि आपण चपला घालून आत आलोय. मग मी खरंच बूट काढले. थोडा वेळच. पाय भाजल्यासारखे गार पडले.

ट्रकच्या काचेतून हे दिसायचं का रे? टोमणा नाही. खरंच विचारतेय.

तिथे एक गंमत झाली. दूर एक काळा ठिपका दिसला, मला वाटलं गाडी. मी हात हलवला. तासभर त्याच्याकडे चालवत गेले. तर तो कुणाचातरी फेकलेला टायर. मी हात हलवलेला टायर! पण माझा राग नाही त्याच्यावर, त्या पांढऱ्यात तो माझा एकटाच शेजारी होता.

चेन मिठाने खाल्ली आहे. इथे काठावरच्या मास्तरांकडून रॉकेल घेतलं, जुन्या मोज्याने पुसून काढली. मास्तर म्हणाले, "पोरी, शाळा कुठपर्यंत?" म्हटलं, "शाळेच्या दारापर्यंत." त्यांनी मला सूप दिलं आणि हे पत्र त्यांच्या मोटरसायकलवरून जाणार आहे.

नेमे


पठार, १४ मे

दादा,

कोणत्या गावातून लिहू? गावच नाही. गवताचे झुबके, वारा, आणि मी.

तुम्ही या पठाराला "लांबट" म्हणायचात. तेवढंच? तू आणि ताता दरवर्षी इथून जाऊन घरी आल्यावर आम्हाला "लांबट आहे" एवढंच सांगायचात?

सांगते काय झालं. सकाळी दव गोठलेलं, गवताचं प्रत्येक पातं काचेचं. उताराला लागले, थोडासाच उतार, पण वारा पाठीशी. डाव्या बाजूला विकुन्यांचा कळप, लामांची ती रानटी चुलत भावंडं. नेहमी पळून जातात, हो ना? हे पळाले, पण माझ्याच बाजूने, माझ्याच दिशेने, माझ्या बरोबरीने. मी वेग घेतला, त्यांनी घेतला. इतके जवळ की त्यांचा श्वास धुरासारखा दिसत होता, खुरांचा आवाज नाही, नुसतं गवत फाटल्यासारखं. मी पॅडल मारणं विसरले. सायकल आपणच चालली होती. शेवटी त्यातल्या एकाने माझ्याकडे मान वळवून पाहिलं. "ही लोखंडाची कोण?" असं. मग सगळे एकदम वळले आणि उरला फक्त घंटेचा आवाज.

मी रडले थोडी. वाऱ्याने.

आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे, कुठे टिकत नाही. खरंय. पण आज पहिल्यांदा वाटलं की मी कुठून तरी पळत नाहीये, कुठेतरी निघालेय.

पुका कासावर आजोबांच्या दगडाला पानं ठेवली. सुक्या नदीत तातांचा दगड शोधला, सापडला. बारीक आहे! एवढ्या दराऱ्याच्या माणसाने एवढासा दगड ठेवला? लहान होते ना तेव्हा, हे मागाहून लक्षात आलं. ताता लहान होते, ही गोष्ट मी कधी धरलीच नव्हती.

नेमे


प्रिमितिवाचं कुरण, १७ मे

दादा,

अक्षर वाकडं आहे, थंडी फार आहे.

इथे प्रिमितिवा मावशी अजून एकट्याच राहतात, मेंढ्या, लामा आणि एक कुत्रा ज्याला त्या "साहेब" म्हणतात. घंटा ऐकून बाहेर आल्या.

"मला वाटलं लामा आले. हे काय लोखंडी हरण? कोणाची ग तू?"

"ल्युकानाच्या अगापितोंची."

"अगापितोला मुलगी आहे? इतकी वर्षं इथे जेवून गेला, कधी बोलला नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"विचारायला तो तोंडातली पानं काढेल तर ना!" आणि अशा हसल्या की साहेब भुंकायला लागला.

काळ्या सुकवलेल्या बटाट्यांचं कालवण दिलं. मग विचारलं, "निघताना धार झाली? वरची खिंड म्हटली?"

मी सांगितलं, गाळली.

त्यांचं हसू गेलं. "मग वर जाऊ नको. न बोलावलेल्याच्या घरी जातात का? नाव घेतल्याशिवाय त्या खिंडीत आपले लोक पाऊल ठेवत नाहीत."

"तुम्ही घ्या की नाव. तुमची धार पोचेल."

"मी तुमच्या घरची नाही. तुमचा रस्ता तुमच्या तोंडाने उघडतो."

"मी मुलगी आहे, मावशी. रस्ता पुरुष म्हणतात."

"मग कोणीतरी पुरुष येईपर्यंत बस इथे. मेंढ्या राख."

मी काय केलं असेल ते तुला माहीत आहे. मी कधी कोणाचं ऐकलंय? सकाळी त्या मेंढ्यांकडे गेलेल्या बघून निघाले. अर्ध्या चढावर वारा आला. वारा म्हणजे कोणीतरी छातीवर तळहात ठेवून मागे ढकलावं तसा, रागाने नाही, नुसतं "तू नाही" असं म्हणत. मग बर्फ, आडवं. सायकल पडली. मी तिच्यावर होते, पण मुख्य पडली ती सायकल.

परत आले. मावशींनी माझ्या मनगटाला लोकर गुंडाळली आणि साहेबाला म्हणाल्या, "बघ, शहाणी आली." ते मला जास्त लागलं.

आज दुपारपर्यंत विचार केला. मग त्यांच्या अंगणात बसले. बाटलीच्या झाकणात दारू घेतली. तातांसारखे डोळे मिटले. माझा आवाज इतका बारीक आला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, "कुंतुर समाना. इथे माझा भाऊ सेनोन."

आणि धार सोडली.

दादा, किती वर्षांनी मी हे नाव मोठ्याने घेतलं! घरात कुजबुजायचो. वर डोंगर ढगात होता, त्याने काही केलं नाही. मावशी मात्र मेंढीची लोकर ओढता ओढता म्हणाल्या, "सेनोन. हां. तो नाकातून गायचा तो. चढावर गायचा, दम लागला तरी." मला माहीतच नव्हतं तू गातोस.

नेमे


सिंतीचं तोंड, २० मे

दादा,

आधी हे: मागचं पत्र डाव्या हाताने लिहिलं होतं. मनगट मुरगळलं होतं, थंडी नव्हती. आता बरंय, आता उजव्याने लिहितेय, म्हणून सांगते.

खिंड ओलांडली.

सकाळी वारा नव्हता. तो पडायचाच होता, मला माहीत आहे, वादळ काय आयुष्यभर राहतं? मावशींनाही हे माहीत असणार. पण चढताना मी सारखं म्हणत होते, "सेनोनची बहीण आहे, सेनोनची बहीण," दारात चौकीदाराला सांगतात तसं.

सायकल ढकलत नेली. चढावर सायकल माणसावर बसते. चार पावलं, थांब, श्वास शोध. बर्फ कोवळं होतं, वर माझ्याआधी फक्त कोल्ह्याची पावलं. आणि मग चढ संपला. संपतो असं वाटत नव्हतं, पण एकदम समोर काहीच नव्हतं.

आता मी जे लिहिणार आहे ते तू पाहिलं आहेस, आणि तूही कधी सांगितलं नाहीस. का? मला आता कळतंय, का. तरी सांगते.

समोर डोंगरांच्या पाठी, एकामागे एक, जांभळ्या, मग निळ्या, मग नुसता धूर. आणि अगदी खाली, इतकं खाली की ते दुसऱ्या कोणाच्यातरी जगातलं वाटावं, हिरवी दोरी. खोरं. माझ्या पायाशी बर्फ आणि तिथे पीच पिकतात! त्या दोन गोष्टींच्या मध्ये हवाच हवा. आणि त्या हवेत, माझ्या खाली, दादा, खाली, एक कोंडोर. मी जन्मभर कोंडोरचं पोट पाहिलं होतं. मला त्याची पाठ दिसली. पंखांवरची पांढरी पट्टी, उन्हात घासलेल्या भांड्यासारखी. तो पंख हलवत नव्हता. डोंगराची सावली त्याच्यावरून सरकली, मग त्याची सावली डोंगरावरून. पिसांतून जाणाऱ्या हवेचा आवाज मला वर ऐकू आला.

मी गुडघ्यावर बसले. कोणी सांगितलं नव्हतं.

तुझा दगड सापडला. ढिगात सगळे करडे, तुझा एकटा लाल, आपल्या गोठणातला. त्याला अजून लोकर बांधलेली आहे. मी तोंडातली पानं त्याला चिकटवली, थकवा तिथेच राहू दे म्हणून, आणि तो राहिला, खरंच पाय हलके झाले.

मग मी खुंट्या ठोकायचा माझा दगड काढला. विचार केला नव्हता, शपथ. हातात होता, लाल होता, तुझ्या दगडाशेजारी त्याच्या मापाची जागा होती. ठेवला. घंटेची थोडी लोकर तोडून बांधली.

मग उतार! ते पुन्हा कधीतरी. एवढंच सांगते की वर माझ्या दाढा वाजत होत्या, मग गवत आलं, मग झुडपं, मग माणसाएवढे निवडुंग, मग कानात फट्ट झालं आणि श्वास नुसता आत पडायला लागला, न मागता. ब्रेकचा जळका वास आणि त्यात कुठून तरी मिरीच्या झाडांचा वास. मी हसत होते. वाटेवरच्या गाढववाल्याने टोपी काढून छातीशी धरली. त्याला मी वेडी वाटले असेन, नाहीतर संत.

नेमे


फाउस्तिनो कोम्पाद्रेचं घर, २२ मे

दादा,

मी पोचले. मका वाळत घातलाय, अंगणभर पिवळं, जांभळं, पांढरं. कोम्पाद्रे दारात उभे.

"अगापितोची घंटा! आणि लामा कुठाय?"

"हाच."

"हा खातो काय?"

"ग्रीस."

"मग परवडतो." आणि त्यांनी मला मिठी मारली, मिठाची पोती मध्ये असताना.

मिठाचा तुकडा जिभेला लावला, डोळे मिटले. "आपलंच," म्हणाले. मग जेवायला बसवलं, जेवल्याशिवाय मापाला हात लावू देत नाहीत, तुला माहीतच आहे. की नाही? कारण त्यांनी तुझी गोष्ट काढली.

"तुझा भाऊ ट्रक घेऊन आला होता त्या साली. मीठ उतरवलं, मका भरला, माझ्या बायकोने ताट वाढलं तर म्हणतो, घाई आहे. अगं, जो जेवत नाही त्याच्याशी अदलाबदल होत नाही, नुसती विक्री होते."

"तुम्ही तातांना सांगितलंत हे?"

"सांगितलं. तेच चुकलं माझं." माझा वाडगा पुन्हा भरून म्हणाले, "ट्रकाचं मला काही नव्हतं. चाकं तर चाकं. पण मीठ येतं तेव्हा घरात गप्पा येतात. ट्रकातून नुसतं मीठ आलं."

त्यांच्या बायकोने आतून ओरडून सांगितलं, "त्याला कळव, ताट अजून झाकून ठेवलंय! गार झालं असेल तर त्याचा दोष!"

कळवलं.

आणि दादा, एक गोष्ट. रस्त्याने चाक घेतलं. आता ताता "बोलू" म्हणाले होते ते बोलतील का? भीती वाटतेय. खिंडीत नव्हती वाटली.

नेमे


ल्युकाना, १२ जून

दादा,

परतीचं काही लिहीत नाही. जेवढा मका माझ्याच्याने ओढवला तेवढा आणला, बाकीचा ट्रकने आला. हे आपल्या दोघांतच.

आता एक सांगायचं राहिलंय. मी ते प्रत्येक पत्रात वळसा घालून गेले. तातांना दिसत नाही. भिंत आवडते म्हणून ते भिंतीला धरत नाहीत. आधी कडा गेल्या, मग माणसांचे चेहरे, आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. त्यांनी मला शपथ घातली होती की पलीकडे कळवायचं नाही. "पलीकडे" म्हणजे तुला. शपथ मी मोडली. पण रस्ता त्यांना आता तोंडानेच चालता येतो, म्हणून ती धार माझ्यासाठी एवढी मोठी होती, हे तुला कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी आले तेव्हा घंटा ऐकून उठून उभे राहिले. सायकलपाशी आले, टायरवर हात फिरवला, पूर्ण गोल. "झिजलाय," म्हणाले.

"रस्त्याने घेतलं, ताता."

मका ओंजळीत धरला, वास घेतला. "फाउस्तिनो जेवायला काय वाढतो हल्ली?"

"मक्याचं सूप. आणि टोमणे."

हसले! मग शेजारचे आले, काका आले, आणि परतीची धार सुरू झाली. तुला ठाऊक आहे, परतीला उलटं म्हणतात, खोऱ्यापासून घराकडे, माणसाला ओढून घरी आणतात. आईच्या हातात पळी.

"फाउस्तिनोचं घर. धार. सिंतीचं तोंड. धार." मी श्वास धरला. "प्रिमितिवाचं..."

"थांब, अगापितो," काका म्हणाले. "पोरीची पहिली फेरी आहे. तिचा दगड म्हटल्याशिवाय ती घरी कशी येईल? अर्धी तिकडेच राहील."

"मुलींचा दगड नसतो," ताता म्हणाले.

आई म्हणाली, "मुली जातही नव्हत्या."

तातांनी माझ्या दिशेने तोंड केलं, थोडं चुकून, माझ्या खांद्याच्या पलीकडे. "ठेवलास?"

"ठेवला."

"कुठे?"

दादा, तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून ठेवलंय. चलाखी नव्हती, देवाशपथ. मी म्हटलं, "कुंतुर समानावर."

कोणीतरी खोकलं. कोंबडी आत आली, तिला कोणी हाकललं नाही.

"एवढ्या रस्त्यात," ताता म्हणाले, "दुसरीकडे जागा नव्हती?"

"होती. पण तिथे मला कोंडोरची पाठ दिसली, ताता. खाली होता. माझ्या पायाखाली."

त्यांचे डोळे उघडे होते. मी कधी त्यांना धार म्हणताना उघडे पाहिले नव्हते.

"कोणाच्या शेजारी ठेवलास?"

"ते तुम्ही म्हणा. मला म्हणायचा हक्क नाही. मुली म्हणत नाहीत."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की लहान असते तर मार बसला असता. तातांनी तोंडातली पानं एका गालातून दुसऱ्या गालात नेली. फार हळू. मग डोळे मिटले.

"कुंतुर समाना," ते म्हणाले. थांबले. "इथे सेनोन." आणि लगेच, दम न घेता, धावत्यासारखं, "सेनोनच्या शेजारी नेमेसिया. धार."

आईच्या हातातून पळीच पडली, सगळी दारू एकदम जमिनीवर. काका म्हणाले, "पोचली, पोचली, एवढी नको होती."

आणि ताता पुढे गेले. प्रिमितिवाचं कुरण, सुकी नदी, पुका कासा, मीठ, घर. कुठेही भोक नाही. काही झालंच नाही अशा आवाजात. मी मात्र ऐकत होते आणि पुन्हा त्या सगळ्यावरून चाकं फिरत होती.

सगळे गेल्यावर मी सायकल भिंतीला लावत होते. ताता भिंतीच्या कडेने चालत आले. उभे राहिले.

"त्याच्या दगडाला लोकर होती का अजून?"

"होती."

"रंग?"

"रंग नाही उरला, ताता. नुसती लोकर."

"लाल होती," ते म्हणाले, आणि हात लावत लावत परत गेले.

दादा, ऑगस्टमध्ये धरणी तोंड उघडते, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी तिला घास द्यायचा असतो. त्याच्या आत ये. येताना लाल लोकर आण, इथली संपलीय.

नेमेसिया